बाईंची खिडकी

पेपरच्या वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी गेल्या वर्षी मला आमच्या कचेऱ्यांचा इतिहास लिहायला सांगितला. निवृत्त माणसाकडं वेळ असतो आणि त्याला मानधनापेक्षा छापलेलं नाव आवडतं, हे संपादकांना बरोबर ठाऊक होतं. मी बसून लिहिला. पोलीस अ‍ॅक्शननंतर गुलमंडीमागच्या बोळात सुरू झालेली जुनी कचेरी, मग पैठण गेटाजवळची दोन मजली मधली कचेरी, आणि आता जालना रोडवर चिकलठाण्याच्या अंगाला उभी असलेली काचेची नवी कचेरी. जागा कुणाची होती, कोणतं मशीन कुठं बसवलं, उद्घाटनाला कोण आलं, फीत कुणी कापली, सगळं आलं त्यात. लेख त्यांनी सजवून छापला. सकाळी चहाबरोबर वाचला आणि माझं मलाच वाटलं, ह्यात भिंती आहेत, माणूस एकही नाही. ज्यांच्यामुळं मला त्या तिन्ही इमारतींची दारं-खिडक्या अजून आठवतात, त्या बाईंचं साधं नावही त्यात नव्हतं. म्हणून हे वेगळं लिहायला घेतलं.

नाव अनसूया धारूरकर. कचेरीत मात्र नुसत्या बाई. पुढं आणखी मुली कामाला लागल्या, त्यांना मॅडम म्हणायची पद्धत पडली, तरी बाई म्हटलं की एकच. बाई निजामाच्या राज्यात शाळेत गेल्या, त्यामुळं घरी मराठी आणि शाळेत उर्दू असं त्यांचं लहानपण. पोलीस अ‍ॅक्शन होऊन ते राज्य गेलं तेव्हा त्या परकरात होत्या. पेपरचे संस्थापक, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, त्यांनी बाईंना मुद्रितं तपासायला घेतलं होतं. पण थोड्याच दिवसांत निधनवार्तेचं काम त्यांच्याकडं आलं आणि शेवटपर्यंत राहिलं. ते काम आमच्याकडं कुणालाच नको असायचं. नव्या माणसाला निधन द्यायचं आणि तो जरा जुना झाला, की राजकारण नाहीतर महापालिका मागायचा. बाईंनी दुसरं काही कधी मागितलंच नाही.

ह्यावरून त्या गंभीर, दुःखी चेहऱ्याच्या असतील असं कुणाला वाटलं, तर ते साफ चूक आहे. बाई खळखळून हसायच्या, बशीत ओतून चहा प्यायच्या, डबा खाताना सिनेमाच्या जाहिराती वाचायच्या आणि कोणत्या टॉकीजला काय लागलंय हे आम्हीच त्यांना विचारायचो. चिडल्या की उर्दूत जायच्या. त्यांचं उर्दू इतकं अदबीचं होतं, की ज्याला बोलणी बसायची त्याला आपला सत्कार चाललाय असं वाटायचं. फिक्या रंगाचं सुती पातळ, चष्म्याला काळी दोरी, टेबलाच्या खणात बडीशेपेची डबी. ती डबी सगळ्यांसाठी उघडी असायची, मालकापासून मशीनवाल्यापर्यंत.

जुन्या कचेरीत त्यांचं टेबल बोळाकडच्या खिडकीला लागून होतं. लोखंडी गज, लाकडी झडपा, आणि बोळापलीकडच्या भिंतीवर एक फळा, ज्यावर रोजचा अंक चिकटवलेला असायचा. फुकट वाचणाऱ्यांची तिथं दिवसभर गर्दी. त्या खिडकीतून ऊन यायचं, धूळ यायची, हातगाडीवाल्यांचा आरडाओरडा यायचा. मी कामाला लागलो त्या आठवड्यात शहाणपणा करून म्हटलं, बाई, तुमचं टेबल आतल्या बाजूला घेऊ का, शांतपणे काम होईल. बाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या बाहेर बघत होत्या.

फळ्यापुढं टोपी घातलेला, हातात कापडी पिशवी धरलेला एक माणूस उभा होता. बराच वेळ अंक वाचत असावा. बाई म्हणाल्या, "तो वाचत नाहीये." आणि उठून दाराशी गेल्या. त्यांनी त्याला हाक मारली ती अशी, की जणू त्याची वाट बघत होत्या. "आत या. बसा अगोदर. घाई नाही, अंकाला अजून वेळ आहे." माणूस आत आला, बाईंच्या टेबलाजवळच्या खुर्चीत बसला, दिलेलं पाणी हातात धरून राहिला. सोयगावकडून एसटीनं आला होता. त्याचा थोरला भाऊ गेला होता. गावात पेपर येत होता, आणि नातेवाईक चार तालुक्यांत पसरलेले.

तो गेल्यावर बाईंनी मला जे सांगितलं ते मी पत्रकारितेच्या कुठल्या वर्गात ऐकलं नाही. "कुणी गेल्याची बातमी आणणारा माणूस सरळ आत येत नसतो. आत येऊन सांगितलं, की ते खरं झालं. म्हणून तो बाहेर थांबतो. पाटी वाचतो, फळा वाचतो, चप्पल नीट करतो. आपण त्याला बघायचं आणि बोलवायचं. ह्या खात्यात काम एवढंच आहे. बाकी लिहायला काय, चार ओळी असतात."

त्या चार ओळींचे त्यांचे कायदे होते. विशेषणाला बंदी. प्रतिष्ठित, धर्मपरायण, दानशूर, हे शब्द बाईंच्या हातून कधी गेले नाहीत. दुःखद निधन असंही त्या लिहीत नसत. निधन सुखाचं कुठलं असतं, म्हणायच्या. आलेल्या माणसाला त्या एकच प्रश्न विचारायच्या, "ते काय करायचे?" बहुतेक लोक हुद्दा सांगायचे. बाई थांबायच्या. मग हळूहळू दुसरं काहीतरी बाहेर यायचं. खुलताबादहून एकदा दोघं भाऊ वडिलांची बातमी घेऊन आले. दर्ग्याजवळ त्यांचं फुलांचं दुकान. बाई त्यांच्याशी दखनीत बोलत होत्या. बऱ्याच वेळानं धाकटा म्हणाला, "अब्बा रोज दुकान खोलने के पहले बाजूवालों की भी पायरी झाड़ते थे." दुसऱ्या दिवशी छापून आलं, की फुलांचे व्यापारी अमुक यांचे निधन झाले, ते रोज सकाळी शेजाऱ्यांच्या पायऱ्याही झाडत असत. पेपरात त्या दिवशी विधानसभेची मोठी भानगड होती, पण लोकांनी आम्हाला विचारलं ते ह्या फुलवाल्याबद्दल.

एका पुढाऱ्याचे वडील वारले तेव्हा त्याच्या माणसानं पानभर मजकूर तयार करून आणला. बाईंनी तो शांतपणे वाचला आणि हाच प्रश्न विचारला. माणूस गोंधळला. त्यानं बाहेर जाऊन कुणालातरी विचारून येतो म्हणून सांगितलं आणि पुढारी स्वतः आला. खुर्चीत बसला. पाणी प्यायला. शेवटी तो म्हणाला, "म्हातारा लई तापट होता बाई. पण घरात कुणी उपाशी झोपलंय का, हे बघितल्याबिगर झोपायचा नाय." तेवढंच छापलं. दादांना भीती वाटत होती, की आता जाहिराती बंद होतात. तो पुढारी मात्र पुढं कधीही बोळातून गेला तर गाडी थांबवून खिडकीशी येऊन नमस्कार करून जायचा.

दुसरा कायदा वाचून दाखवण्याचा. लिहिलेला मजकूर बाई समोरच्याला मोठ्यानं वाचून दाखवायच्या, आणि दोनदा. एकदा का नाही, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा माणूस नावं बरोबर आहेत का ते बघतो. बातमी त्याला दुसऱ्यांदा ऐकू येते." खरंच तसं व्हायचं. पहिल्या वाचनाला लोक मान हलवायचे, आत्याचं गाव दुरुस्त करायचे. दुसऱ्या वाचनाला रडायचे. बाई तोपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायच्या.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ मधुकर, आम्ही मधूभाऊ म्हणायचो, पाटबंधारे खात्यात कारकून होता. त्यानंही केलं नाही. औरंगपुऱ्यात दोघांचं दोन खोल्यांचं घर. मधूभाऊ रोज संध्याकाळी सायकल घेऊन कचेरीसमोर यायचे, घंटी वाजवायचे आणि पानाच्या टपरीला टेकून उभे राहायचे. बाई पिशवी आवरून निघायच्या. मग एक जण सायकल हातात धरून आणि दुसरी शेजारून, अशी ती दोघं बोलत बोलत चालत घरी जायची. सायकलवर बसलेली ती दोघं मी कधीच पाहिली नाहीत. शुक्रवारी मात्र वाट बदलायची, टॉकीजकडं.

मधूभाऊ आत कधी येत नसत. चहा झालाय, या, असं मी एकदा खिडकीतून ओरडून सांगितलं, तर हात जोडून म्हणाले, "तुमच्या बाईंच्या खुर्चीत बसायची आपल्याला लई घाई नाय." बाई हसून हसून बेजार झाल्या. पुढं हा त्यांचा आवडता विनोद झाला. भाऊ माझ्या खात्याला घाबरतो, म्हणायच्या.

पेपर वाढला, पायानं चालवायच्या ट्रेडल छपाईयंत्रावर भागेना, आणि आम्ही पैठण गेटाजवळ गेलो. हलवाहलवीच्या गडबडीत सगळे नवीन टेबलं, नवीन पंखे आणि कोण कुठं बसणार ह्यात गुंतलेले. बाईंनी दादांकडं एकच गोष्ट मागितली, तळमजल्याची रस्त्याकडची जागा. ती मिळाली. खिडकीही मोठी मिळाली. पण भलतीच अडचण उभी राहिली. जुन्या कचेरीची खोली आणि जुनं ट्रेडल आमच्याच मशीनवर आयुष्य काढलेल्या करीमभाईंनी घेतलं आणि तिथं लग्नपत्रिका छापायला सुरुवात केली. पेपरात आम्ही पत्ता बदलल्याचं रोज छापत होतो. पण ज्याच्या घरात माणूस गेलंय तो पत्ता वाचून येत नाही, तो पायांच्या सवयीनं येतो. मागच्या वेळी वडिलांची बातमी जिथं दिली, तिथंच तो आईची घेऊन जातो. लोक करीमभाईंच्या दुकानासमोर येऊन उभे राहायला लागले.

करीमभाई एक दिवस मधल्या कचेरीत आले आणि बाईंपुढं बसले. "बाई, लोगां शादी के कार्डां देखने आते. इधर नवरी का बाप गणपती पसंत करता, और बाजू में कोई आंसू पोंछता बैठा रहता. मैं किस को क्या बोलूँ?" बाईंनी त्यांना विचारलं, की त्या लोकांना तुम्ही परत लावून देता का? करीमभाई जरा रागावलेच. "ऐसे कैसे लगा देता? आपके साथ इतने साल निकाले. पानी देता, बिठाता, फिर रिक्षे में डाल के इधर भेजता."

दुसऱ्या दिवसापासून बाई दुपारी घरून निघून आधी गुलमंडीला जायला लागल्या. जुन्या खिडकीशी करीमभाईंनी त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवली. बाई तिथं बसून बोळाकडं बघायच्या, कुणी आलं तर बातमी घ्यायच्या, दोनदा वाचून दाखवायच्या, आणि मग मधल्या कचेरीत यायच्या. कुणी नसलं तर पत्रिका बघायला आलेल्या बायकांना कागद निवडून द्यायच्या. गुलाबी कागदावर लाल अक्षर घेऊ नका, म्हाताऱ्यांना वाचता येत नाही, असं सांगायच्या. लोकांच्या पायांना नवा रस्ता पाठ होईपर्यंत हे असंच चाललं. त्याबद्दल बाईंना कुणी शाबासकी दिली नाही, आणि उशिरा येता म्हणून विचारलंही नाही.

मधल्या कचेरीतच वाळूजच्या कंपन्यांतली पोरं यायला लागली. पाळी संपल्यावर कंपनीच्या बसमधून उतरून गणवेशातच यायची. बरोबरचा कुणी मोटारसायकलच्या अपघातात गेलेला, त्याचे आईबाप लांब कुठल्या जिल्ह्यात. अशी पोरं रस्त्यापलीकडं घोळका करून उभी राहायची आणि एकमेकांना पुढं ढकलायची. बाई रस्ता ओलांडून त्यांना घेऊन यायच्या. त्यांच्यातल्या एकानं काय करायचा तुमचा मित्र, ह्या प्रश्नावर म्हटलं होतं, "आमच्यासाठी बसमधी जागा धरायचा." ते वाक्य लिहिताना बाईंनी चष्मा काढून पुसला. मी पाहिलं आणि मान वळवली.

दादा गेले. त्यांचीही बातमी बाईंनीच लिहिली, चार ओळींची. कारभार त्यांच्या मुलाकडं, म्हणजे साहेबाकडं, आला. साहेब वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. त्याला पेपर मोठा करायचा होता आणि त्यानं तो केलाही. नव्या कचेरीचा आराखडा आला तेव्हा त्यानं सगळ्यांना बोलावून दाखवला. सगळे वा वा करत असताना बाईंनी चष्मा नाकावर सरकवून विचारलं, "ह्यात माझी खिडकी कुठं आहे?" साहेब हसून म्हणाला, बाई, सगळी इमारतच काचेची आहे, तुम्हाला चारी बाजूंनी खिडकीच. बाई म्हणाल्या, "काच म्हणजे खिडकी नव्हे. मला बाहेरचा माणूस दिसला पाहिजे, आणि मी त्याला दिसले पाहिजे."

साहेबानं ऐकलं. फाटकाजवळ स्वागतकक्ष ठेवू, असं म्हणाला, आणि ठेवलाही. पण त्या कक्षाच्या आधी फाटक होतं, फाटकावर रक्षक होता, आणि रक्षकाला ज्याचं काम असेल त्यालाच आत सोडायची ताकीद होती. नुसतं उभं राहणं हे काम नव्हे. त्यातून इमारत गावाबाहेर. तिथपर्यंत चालत येऊन पाटी वाचत उभं राहणार कोण? निधनवार्ता फोनवर आणि फॅक्सवर यायला लागल्या, पुढं तर संगणकावर. खरं सांगायचं तर लोकांची सोय झाली. सोयगावच्या माणसाला आता दिवस मोडून एसटीनं यावं लागत नव्हतं. बाईंनीही हे मान्य केलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बातमी पोचते हो. माणूस कुठं बसतो मग?" कामाच्या रगाड्यात ह्याचं उत्तर शोधायला कुणी थांबलं नाही.

नव्या कचेरीत बाई थोडेच महिने होत्या. त्यांना वरच्या मजल्यावर आतल्या बाजूला टेबल मिळालं होतं, पण दुपारी त्या खाली फाटकाशी जाऊन रक्षकाच्या स्टुलावर बसायच्या. रक्षक बिचारा उभा. मधूभाऊ तेव्हा सेवानिवृत्त झाले होते, तरी इतक्या लांब सायकल मारत यायचे आणि फाटकाबाहेर घंटी वाजवायचे. मग बाईंनीच एक दिवस राजीनामा दिला. कारण विचारलं तर म्हणाल्या, भावाचे गुडघे दुखतात, त्याला किती लांब बोलावू? निरोपसमारंभात त्यांच्याबद्दल पुष्कळ विशेषणं वापरली गेली. बाई मान खाली घालून बडीशेप चघळत होत्या.

त्यानंतर काही वर्षं मध्ये गेली. मी वृत्तसंपादक झालो होतो. माझी खोली पहिल्या मजल्यावर, फाटकाच्या अगदी वर. त्या काचेची गंमत अशी, की आतून बाहेरचं सगळं दिसतं आणि बाहेरून आतलं काही दिसत नाही. बाहेरच्याला त्यात फक्त स्वतःचा चेहरा दिसतो. एका दुपारी मी फोनवर बोलत सहज खाली बघितलं. फाटकाच्या पलीकडं, रस्त्याच्या कडेला, फिक्या पातळातली एक म्हातारी बाई उभी होती. पेपरच्या नावाची मोठी पाटी वाचत होती. वाचून झाली, तरी वाचत होती. मग तिनं वाकून चपलेचा अंगठा नीट केला, पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली, आणि पुन्हा पाटीकडं बघायला लागली.

बाईच होत्या. आजूबाजूला मी सायकल शोधली. सायकल नव्हती. आणि मला कुणी काही सांगण्याआधीच कळलं.

जिना उतरून मी फाटकाशी गेलो. रक्षक नवा होता, तो म्हणाला, साहेब, कधीच्या उभ्या आहेत, विचारलं तर काही काम नाही म्हणतात. मी फाटक उघडायला लावलं. बाईंनी माझ्याकडं बघितलं, पण पाऊल उचललं नाही. मग मीच त्यांना हाक मारली.

"आत या बाई. बसा अगोदर. घाई नाही, अंकाला अजून वेळ आहे."

त्या आल्या. स्वागतकक्षातल्या गुबगुबीत सोफ्यावर त्यांना बसवेना, म्हणून रक्षकानं आपलं स्टूल आणून दिलं. मी पाणी आणलं. ग्लास त्यांनी हातात धरून ठेवला. मी कागद घेऊन समोर बसलो. मधूभाऊंचं पूर्ण नाव, वय, औरंगपुऱ्यातला पत्ता, सगळं मला माहीत होतं, तरी विचारून लिहिलं. पाटबंधारे खात्यातली नोकरीही माहीत होती. ती मी लिहिली नाही. पेन थांबवून विचारलं, "ते काय करायचे?"

बाई काचेकडं बघत म्हणाल्या, "न्यायला यायचा."

मी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. मधुकर धारूरकर यांचे निधन झाले. ते रोज संध्याकाळी बहिणीला कचेरीतून घरी न्यायला येत असत. त्यांच्या मागे बहीण आहे.

बाईंनी मान हलवली. नाव बरोबर आहे, म्हणाल्या. मग ग्लास खाली ठेवला, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, "आता दुसऱ्यांदा वाच."